फोनचं दालन

६ एप्रिल

ढब्बू,

'प्रिय' मुद्दामच लिहिलं नाही. तू मला फोनवरून, मेलवरून, सगळीकडून ब्लॉक केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आईला तू महिन्याला एक कार्ड पाठवतोस, त्यावरचा पत्ता मी उतरवून घेतला. आईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कामाचं बोलते. 'सावकाश'वर तुझं दालन उघडलं. हो, तेच, फोनचं.

नऊ वर्षांपूर्वी आपण 'सावकाश' हे संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा तू म्हणाला होतास, बोलताना अडखळणाऱ्या माणसाला लिहिताना कोणी घड्याळ दाखवत नाही, म्हणून आधी लिहायची जागा करू. आता तीन हजार सदस्य आहेत. नोकरीचं दालन आहे, शाळेचं आहे, आईबापांचं आहे. फोनचं तेवढं नव्हतं. तू तीनदा मागितलंस आणि मी तीनदा म्हटलं, 'आत्ता नको, चालणार नाही ते.' का म्हटलं ते जाऊ दे.

तर १ मार्चला उघडलं. आज सदतिसावा दिवस. नियम तुला काय सांगायचा, तूच केलास! नव्या दालनाला नव्वद दिवस. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी सहाला पंचवीस जिवंत धागे नसतील तर आपोआप कुलूप. जिवंत म्हणजे ज्या चर्चेत निदान तीन वेगवेगळ्या सदस्यांनी उत्तरं दिली आहेत ती, आणि चालवणाऱ्यांची उत्तरं, म्हणजे माझी, जमेत धरायची नाहीत. कसला हट्टी नियम. तरी आतापर्यंत एक्केचाळीस धागे निघालेत. एक्केचाळीस! प्रत्येकाला मी दोन मिनिटांत उत्तर देते. कोणी ताटकळत नाही.

त्यातले जिवंत सहा आहेत. ते वाढतील.

तू येऊन लिहायला लाग. तुझं दालन आहे, तू नसलास तर कसं चालेल? त्या दिवशीच्या फोनचं म्हणशील तर लाईन खराब होती, एवढंच मला आठवतं. तेवढ्यावरून सव्वा वर्ष अबोला धरायचा असतो का रे?

ताई

१९ एप्रिल

ढब्बू,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझीच बहीण आहे.

पन्नासावा दिवस. एकूण धागे अठ्ठावन्न, जिवंत आठ. माझा जीव टांगणीला लागलाय आणि ग्रंथपाल मजेत आहेत. ग्रंथपाल तुला आठवतात ना? निवृत्त झाल्यापासून दालनांची वही तेच ठेवतात. स्वतः इतके अडखळतात की ग्रंथालयात सगळ्यांना 'शांतता राखा' असं पाटीनंच सांगायचे. त्यांनी मला काल लिहिलं:

'मुली, अठ्ठावन्न धागे तपासले. पन्नास धाग्यांत पहिलं उत्तर तुझं, आणि शेवटचंही तुझंच. तू पाहुणे यायच्या आधी सगळं वाढून, जेवून, ताटं घासून ठेवतेस. मग पाहुणे दारातूनच परत जातात.'

मला असा राग आला! मी म्हटलं, लोक अडचणीत असतात, त्यांना उत्तर हवं असतं. त्यांनी लिहिलं, 'उत्तर तर पुस्तकातही असतं. दालनात माणसं लागतात. प्रश्न आला की सहा तास हात मागे घे.'

सहा तास म्हणे. मी सहा मिनिटं थांबून पाहिलं. हात शिवशिवायला लागले.

त्यात दुकानातही तेच. चष्म्याच्या दुकानात एक आजोबा नंबर काढायला आले होते. खुर्चीत बसले, समोरच्या तक्त्यावरची चौथी ओळ वाचताना थांबले, आणि माझ्या तोंडून अक्षर गेलं. डॉक्टर वळून म्हणाले, 'बाई, तुम्हीच वाचलंत तर चष्मा तुम्हाला करून देऊ का?' आजोबा हसले. मीही हसले. आणि मग गल्ल्यामागे बसून उगाचच दहा मिनिटं फ्रेमा पुसत राहिले.

तुला एक विचारू? लहानपणी वाण्याकडे तुला पाठवायचे तेव्हा मी मागून येऊन तुझं सामान सांगून टाकायचे. तुला बरं वाटायचं ना? मला नेहमी वाटायचं की तुला सुटल्यासारखं होतं.

ताई

२ मे

ढब्बू,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथं तुझ्या हातात पडेल तेव्हा पूर्ण वाच, मग फाड.

मी डुआयडी काढले होते. एक नाही, तीन. हसू नकोस, किंवा हस. दुसऱ्या नावानं आपणच लिहायचं याला तू एकदा 'स्वतःच्याच घराची बेल वाजवून पळणं' म्हणाला होतास. नवीन दालनात आधी थोडी चहलपहल दिसावी म्हणून पहिले चार-पाच प्रश्न चालवणाऱ्यांनी स्वतःच्या नावानं विचारायचे, हे आपण नेहमीच करतो. मी खोट्या नावांनी विचारले, वर खोट्या नावांनी उत्तरंही दिली.

त्यातला एक आयडी 'जिन्यातला'. तो तू होतास.

म्हणजे तुझीच गोष्ट मी त्याच्या नावानं लिहिली. फोनवरची मुलाखत. आठवडाभर केलेला सराव. टेबलावर पाण्याचा पेला, शेजारच्या खुर्चीत मोठी बहीण. पलीकडून 'आपलं नाव?' आणि याचं नाव घशात अडकलं. पंधरा सेकंद, वीस सेकंद. मग मी लिहिलं, 'ताई नुसती बसून राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पंचविसाव्या सेकंदाला माझं नाव बाहेर पडलं.'

त्या धाग्यावर सगळ्या दालनात मिळून आली नसतील इतकी उत्तरं आली. लोकांनी त्या ताईला डोक्यावर घेतलं. एका मुलीनं लिहिलं, 'नशीबवान आहात. माझी बहीण असती तर तिनं फोन हिसकावून घेतला असता.'

मी लॅपटॉप मिटला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आई दार वाजवून म्हणाली, 'पाणी वाया जातंय.' एवढंच म्हणाली.

लाईन खराब नव्हती रे. लाईन लख्ख होती. तुझे ओठ हलले होते, मी पाहिलं होतं. नाव येतच होतं. आणि मला ते वीस सेकंद सहन झाले नाहीत. तुला नाही, मला. मी फोन ओढला, तुझं नाव सांगितलं, तुझं शिक्षण सांगितलं, वर 'तो जरा लाजाळू आहे' असंही म्हटलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, 'आम्हाला उमेदवाराशी बोलायचं होतं,' आणि त्यांनी फोन ठेवला. तू पाण्याचा पेला उचलून आत नेऊन ठेवलास. धुऊन, पालथा. आणि रविवारी घर सोडून गेलास.

फोनचं दालन मी तीनदा नाकारलं ते याचसाठी. तुला फोन करता यायला लागला असता तर माझं काम काय उरलं असतं? हे कागदावर वाचताना मला माझीच किळस येते, पण खरं आहे.

ग्रंथपालांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, 'खोटे धागे तूच काढ आणि काढल्याचं तूच सांग.' काढले. अकरा जिवंत होते, सात उरले. आज त्रेसष्टावा दिवस. माझ्या नावानं माफी लिहिली. दोघं दालन सोडून गेले. ती मुलगी गेली नाही. तिनं फक्त लिहिलं, 'म्हणजे ती ताई खोटी होती. वाटलंच मला.'

आजपासून मी सहा तास हात मागे घेतेय. तुझं दालन बुडालं तर माझ्यामुळे बुडेल, आणि तरलं तर माझ्यामुळे तरणार नाही, एवढं आता कळलंय.

ताई

२१ मे, दुपार

ढब्बू,

दुकान दुपारचं बंद आहे, डॉक्टर जेवायला गेलेत, आणि मी हे पत्र लिहितेय ते केवळ हातांना काहीतरी काम हवं म्हणून. नाहीतर हे हात कीबोर्डवर जातील.

आधी चांगलं सांगते. ब्याऐंशीवा दिवस, जिवंत धागे एकोणीस. मी गप्प बसले आणि लोक बोलायला लागले. पहिला आठवडा भयंकर गेला. प्रश्न यायचा आणि तास-तास तसाच पडून राहायचा. मी देव पाण्यात घालून बसायचे. मग चौथ्या-पाचव्या तासाला कोणीतरी चाचरत लिहायचं, 'मला नक्की माहीत नाही, पण माझ्या बाबतीत असं झालं होतं.' आणि मग दुसरा. मग तिसरा. माझ्यापेक्षा बरी उत्तरं देतात मेले.

पण आजचा प्रश्न निराळा आहे. सकाळी नऊ वाजता आला. दालनात तिला सगळे 'वॉर्डवाली' म्हणतात, नर्स आहे. तिनं लिहिलंय, सात नंबर वॉर्डातून रक्तपेढीला फोन करावा लागतो. गेल्या आठवड्यात तिचा पहिला शब्द अडकला, पलीकडच्याला वाटलं कोणी नाहीच, त्यानं फोन ठेवला. तीनदा ठेवला. शेवटी ती दोन जिने उतरून पळत गेली. पेशंट वाचला, पण मोठ्या सिस्टरनी सांगितलंय की पुन्हा असं झालं तर वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात बसवीन. उद्या सकाळी आठला तिची पाळी आहे. 'काय करू?'

मला उत्तर येतंय! आपल्याकडे श्वासाचा सराव आहे, पहिला शब्द बदलायची युक्ती आहे, दहा ओळी माझ्या जिभेवर आहेत. आणि नऊचे बारा वाजले, कोणी काही लिहिलेलं नाही. मी ग्रंथपालांना विचारलं, इथेसुद्धा थांबायचं? त्यांनी लिहिलं, 'पाळी उद्या आठला आहे. सहा तास तीनला होतील. तीनला तू लिही.'

साडेबारा. काही नाही.

पावणेदोन. तिनं स्वतःच लिहिलं, 'ठीक आहे. कोणी नाही वाटतं. जाऊ दे.'

ढब्बू, मी उत्तर टाईप केलं. सगळं, दहा ओळी. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. मला तुझे ओठ दिसले, हललेले. नाव येतच होतं. बोट उचललं. बरोबर केलं की चूक ते मला अजून माहीत नाही, तिचं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला तोंड दाखवणार नाही.

दोन वाजून चार मिनिटं. कोणीतरी लिहिलं! 'स्टेपनी' नावाचा आयडी. चार वर्षं सदस्य आहे, आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यानं लिहिलंय, 'मी आहे. दहापासून लिहितोय. टायपिंग हळू आहे. जाऊ नका.'

दहापासून. दहापासून तो बिचारा एकेक अक्षर शोधत होता, आणि मी पावणेदोनला माझ्या दहा ओळी त्याच्या अंगावर आपटणार होते.

दोन वीस. आलं त्याचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते: 'मी ट्रक चालवतो. डेपोला फोन लावतो तेव्हा माझंही पहिलं अडकतं. मी आधी फोनवर बोटानं दोन वेळा टकटक करतो. डेपोवाल्याला सांगून ठेवलंय, टकटक आली म्हणजे मी आहे, ठेवू नको, बोलतोय. तुम्ही आज जाऊन रक्तपेढीवाल्याला तोंड दाखवा. सांगा, दोन टकटक म्हणजे सात नंबर वॉर्ड.'

श्वासाचे सराव गेले चुलीत. हे मला जन्मात सुचलं नसतं. मला तर फोनवर गप्प राहायची वेळच कधी आली नाही.

आता खाली अकरा उत्तरं आहेत. डॉक्टर आले. पत्र बंद करते.

ताई

ता.क. २२ तारीख. आज सकाळी नऊ चाळीसला वॉर्डवालीनं लिहिलं: 'टकटक केली. तो म्हणाला, हं, सात नंबर, बोला, सावकाश. रक्त आलं.' मी दुकानात उडी मारली आणि एका फ्रेमची काडी मोडली.

३० मे

प्रिय ढब्बू,

काल नव्वदावा दिवस होता. तुला सगळं माहीत आहे, तरी मी माझ्या बाजूनं सांगते.

पाच वाजता चोवीस जिवंत होते. एक हवा होता. मी दुकानात होते, मोबाईल अक्षरांच्या तक्त्याखाली उभा करून ठेवलेला. 'जिन्यातला' अजून जिवंत असता तर एका मिनिटाचं काम होतं. खरं सांगते, तो मनात येऊन गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पाच बाविसला नवा धागा आला. त्याच दिवशी सदस्य झालेला माणूस, नावाच्या जागी नुसतं टिंब. लिहिलं होतं:

'एका बाईला फोन करायचा आहे. सव्वा वर्ष केलेला नाही. नंबर पाठ आहे. ती माझी वाक्यं पूर्ण करते. कसं करू?'

मी गिऱ्हाईकाच्या खुर्चीतच बसले.

पाच एकतीसला वॉर्डवाली: 'आधीच बजावून ठेवा, मध्ये बोललीस तर फोन ठेवीन. आणि टकटक करा.' पाच चव्वेचाळीसला ती मुलगी, खोट्या ताईवाली: 'तिला एक संधी द्या. एकच. दुसरी देऊ नका.' झाले दोन. तिसरं उत्तर आलं की पंचवीस.

पाच सत्तेचाळीसला खाली अक्षरं उमटली: 'स्टेपनी लिहीत आहेत.'

ढब्बू, तेरा मिनिटं मी त्या तीन शब्दांकडे पाहत होते. ग्रंथपालांचा निरोप आला, 'बघतेयस?' मी लिहिलं, 'बघतेय.' ते म्हणाले, 'कुलूप पुढे ढकलायची किल्ली तुझ्याकडे आहे.' मी लिहिलं, 'नियम त्याचा आहे.' पाच अठ्ठावन्न. स्टेपनी लिहीत आहेत. पाच एकोणसाठ. लिहीत आहेत.

सहा. कुलूप पडलं. त्याचं उत्तर आतच राहिलं.

तुझं दालन मी वाचवू शकले नाही रे. नव्वद दिवसांतले पहिले त्रेसष्ट मीच खाल्ले. मला खूप, खूप वाईट वाटतंय, आणि ते तुला सांगायला मला कोणताही आडपडदा नको आहे.

सहा वाजून दहा मिनिटांनी दुकानातला फोन वाजला. मोबाईल नाही, गल्ल्यावरचा जुना फोन, ज्याचा नंबर पाठ असणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. मी उचलला. सवयीनं 'नमस्कार, चष्म्याचं दुकान' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

टक. टक.

खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, नंबर तपासायला त्यांच्या डाव्या डोळ्यावर झाकण लावलेलं. त्या म्हणाल्या, 'कोण आहे?' मी बोट ओठांवर ठेवलं. डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला आणि रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून काचेचं दार ओढून घेतलं.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. चाळीस सेकंद. मी फोनची वायर बोटाला इतकी गुंडाळली की बोट पांढरं पडलं. तुझा श्वास ऐकू येत होता, तुझं घशातलं ते अडणं. ते मी तू दोन वर्षांचा असल्यापासून ओळखते. तुझं नाव माझ्या दातांच्या आत येऊन बसलं होतं. गिळलं. पन्नास. साठ.

मग तू तुझं नाव सांगितलंस. पूर्ण. तुझं तू.

ते मी या पत्रातही लिहीत नाही, एकाही पत्रात लिहिलं नाही. ते सांगायचं काम तुझं.

मग तू म्हणालास, 'ताई, पुढच्या महिन्यात मी' आणि लाईन गेली.

त्या बाई, डॉक्टर आणि मी, तिघंही फोनकडे पाहत राहिलो. फोनवरच्या छोट्या पट्टीत नंबर दिसत होता. उलट लावायला माझं बोट गेलं होतं. नाही लावला. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'काय म्हणाला?' मी म्हटलं, 'अर्धं म्हणाला.' ती म्हणाली, 'मग अर्धंच सांग.'

दालनाचं म्हणशील तर तुझ्याच नियमात पुढची ओळ आहे: दहा सदस्यांनी अर्ज केला तर दालन पुन्हा उघडता येतं. आज दुपारपर्यंत सात आलेत. मी कोणालाही आठवण केलेली नाही. स्टेपनीचा अर्ज अजून आलेला नाही, तो लिहीत असेल.

आणि पुढच्या महिन्यात तू. रात्रीपासून त्या वाक्याचे शंभर शेवट मला सुचलेत. एकही इथे लिहीत नाही. फोन कर, पत्र टाक, नाहीतर दारात येऊन उभा राहा आणि हवा तेवढा वेळ घे. मी ऐकतेय.

ताई